शेटे डॉक्टरांचा हातगुण

बापू साळुंख्यांनी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि टेबलावरच्या हातापुढे दंड धरला. हाताने आधी दंड चाचपला, मग कापसाने पुसला, मग दोन बोटांनी हलकंसं टकटक केलं आणि बापूंना कळायच्या आत सुई आत जाऊन बाहेरही आली. बापूंनी डोळे घट्ट मिटले होते. ते उघडून त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "डॉक्टरच हायत," ते म्हणाले. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या बाह्या वर करायला सुरुवात केली.

हात कोपरापासून पुढचाच होता. कोपराच्या मागे एक काळी पेटी, पेटीतून निघालेली वायर आणि वायरीच्या पलीकडे पडद्यावर नजर ठेवून बसलेली डॉ. ऋतुजा शेटे. तो हात ज्यांच्या हातावरून घडवला होता ते डॉ. महालिंग शेटे म्हणजे तिचे वडील. मागच्या श्रावणात ते गेले, तेव्हा हिंगणशेत गावातल्या झाडून सगळ्यांनी त्यांच्यावर मूठ मूठ माती लोटली होती. म्हणजे इथे कुणी कुणाला फसवत होतं असं समजू नये. हात यंत्राचा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने काही बिघडतं असं मात्र कुणाला वाटत नव्हतं.

हिंगणशेत हे विट्याच्या पूर्वेचं गलाईवाल्यांचं गाव. गलाई म्हणजे जुनं, भेसळीचं सोनं वितळवून, तेजाबात शिजवून शुद्ध करणं. या धंद्यापायी इथली माणसं कोइमतूरपासून गुवाहाटीपर्यंत पांगलेली. भट्टी झेपेनाशी झाली की माणूस गावी परतायचा, मुलं-नातवंडं तिकडेच राहायची. त्यामुळे गावात दुमजली बंगले पुष्कळ, वरच्या मजल्याला कुलूप, खाली एखादा म्हातारा नाहीतर म्हातारी आणि भिंतीवरच्या पडद्यावर रोज संध्याकाळी "जेवलात का?" विचारणारा मुलगा. तेजाबाच्या वाफेने या लोकांची फुप्फुसं आधीच चाळणी झालेली. झोपतापाला याहून सोयीचं गाव शोधूनही सापडलं नसतं.

झोपतापाचा विषाणू तरुणांना दोन दिवस सर्दीने बेजार करी आणि सोडून देई. साठी ओलांडलेल्या माणसाला मात्र आधी बारीक कणकण, मग गुंगी, मग झोप. झोपेतही आपला श्वास चालू ठेवणारं मेंदूतलं जे केंद्र असतं, त्यावरच हा विषाणू जाऊन बसे. माणूस भाकरी खाऊन आडवा होई आणि सकाळी उठत नसे. यावर लस निघाली होती आणि ती चांगली होती. तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागत. पहिली शरीराला विषाणूची ओळख करून देई, दुसरी ती ओळख पक्की करी. दुसरी घेतली नाही तर पहिलीचं बळ हळूहळू ओसरून जाई. लसीचे डबे ड्रोन दवाखान्याच्या गच्चीवर उतरवून जात होतं. फ्रीज भरून वाहत होता, पण टोचून घ्यायला कुणी येत नव्हतं.

त्याला कारण होतं. हिंगणशेतातली पहिली लस ऋतुजाने आपल्या वडिलांनाच टोचली होती, चावडीपुढे, साऱ्या गावादेखत. कल्पना अप्पांचीच. सोनारानेच कान टोचावे लागतात, मी घेतली की गाव घेईल, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा खुर्चीत बसल्याबसल्या गेले. हृदयाची धमनी तुंबली होती. ती कित्येक वर्षं तुंबत आली होती आणि जगाला पथ्य सांगणाऱ्या माणसाने स्वतः ते कधी पाळलं नव्हतं. लसीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. ऋतुजाने शवचिकित्सेचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला. लोकांनी तो वाचला, समजूतदारपणे माना डोलावल्या आणि घरी जाऊन दारं लावून घेतली. पोरीच्या हाताला गुण नाही, असं गावाचं ठरलं. बापाला टोचलं, बाप गेला. यावर कुठल्या अहवालाचा काय इलाज चालणार?

शहरातला माणूस याला अडाणीपणा म्हणेल. पण ही माणसं अडाणी नव्हती. कसाच्या दगडावर सोन्याची एक रेघ ओढून ते किती खरं आहे हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. जे हाताला लागतं ते खरं, ही त्यांची शिस्त. अप्पांच्या हाताला गुण आहे म्हणून दहा गावचे लोक वाटेतले दोन-दोन दवाखाने टाकून हिंगणशेताला येत. तो गुण वारशाने पोरीकडे येईल असं त्यांनाही वाटलं होतं. पहिलीच रेघ हिणकस निघाली आणि त्यांनी नाणं परत केलं.

ऋतुजाला गावाचा राग येई, पण राग गिळता येतो. गिळता न येणारी गोष्ट घरात होती. तिच्या आईने, महानंदाबाईंनीही, दंड पुढे केला नव्हता. ऋतुजाने एकदा विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "बघू पुढं," एवढंच म्हणाल्या आणि वर पाहिलं नाही. त्यांचं हृदय अप्पांपेक्षाही दुबळं होतं. ताप आला तर त्या टिकणार नव्हत्या. तरी ऋतुजाने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर आईने कारण सांगितलं असतं, आणि त्या कारणाची तिला भीती वाटत होती. माझ्या हाताने अप्पा गेले असं आईलाही वाटतं का, हा प्रश्न घेऊन ती रोज दवाखाना उघडे आणि रोज रिकामा दवाखाना बंद करी.

मग इरफान मुल्लाचा फोन आला. इरफान तिचा वर्गमित्र. डॉक्टरकी सोडून पुण्यात यंत्रं बनवण्याच्या नादी लागलेला. शिकाऊ डॉक्टरांना जाणत्या हाताचा स्पर्श शिकवता यावा म्हणून त्याने झिरझिरीत हातमोजे तयार केले होते. हात किती दाबतो, कुठे थांबतो, किती ऊब देतो, हे सगळं त्या मोज्यांतले संवेदक टिपून घेत. या टिपणाला तो स्पर्शप्रत म्हणे. अप्पांनी शेवटची दोन वर्षं तेच मोजे घालून दवाखाना चालवला होता. त्यांच्या स्पर्शप्रतीवर चालणारा एक हात आता इरफानकडे तयार होता. तसा जगात एकच. दुसरा घडवायला पावसाळा उजाडला असता.

ही लबाडी आहे, असं ऋतुजा म्हणाली. इरफानने विचारलं की मग तुझ्या खरेपणाने आजवर किती लोकांनी लस घेतली? घाटापलीकडच्या गावांतून झोपतापाच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. तिने हात मागवला.

गावाने तो कसाला लावूनच घेतला. बापूंनी आधी नाडी बघायला लावली. मग गुडघा पुढे केला, मग पाठ. डॉक्टर पाठीवर हात ठेवून जरा वेळ तसेच थांबायचे, हातही थांबला. त्यांचा अंगठा तरुणपणी मोडून वाकडा बसला होता, म्हणून दाब एका बाजूला जास्त पडायचा. तोही तसाच पडला. बापूंनी बाही वर केली ती त्यानंतर. आठवडाभरात अख्ख्या हिंगणशेताने पहिली मात्रा घेतली. पहिल्याच दिवशी महानंदाबाईही रांगेत आल्या, बसल्या, दंड दिला आणि लस टोचून झाल्यावरही बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. ऋतुजाचा जीव भांड्यात पडला. त्याच वेळी तिला रडूही आलं. लेकीला न दिलेला दंड आईने यंत्राला दिला होता.

दुसऱ्या मात्रेची वेळ आली तेव्हा वेगळंच घडलं. लोक रोज येत, पूर्वीपेक्षा जास्तच. कुणी नाडी दाखवी, कुणी कंबर, कुणी नुसताच कपाळावर हात ठेवून घेई. पण लसीचं नाव काढलं की आज अमावस्या, आज सांधे धरलेत, आज पोराचा फोन यायचाय. महानंदाबाईसुद्धा रोज सकाळी येऊन मनगट पुढे करत आणि "सुई उद्या" म्हणून जात. लसीत काही खोट निघाली का, कुणी कान भरले का, ऋतुजाने सगळं धुंडाळलं. शेवटी तिने बापूंना कोपऱ्यात घेतलं. बापूंनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"दुसरी घेतली की हात फुडल्या गावाला जानार म्हनं," ते म्हणाले. "मग आमी ठरवलं, घ्यायचीच न्हाई."

"बापू, ताप आला तर मराल ना सगळे."

"मरू की. पोरी, कोइमतूरचं पोरगं रोज पडद्यावर दिसतंय. हसतंय, बोलतंय, गुनाचं हाय. पर माज्या अंगाला मानसाचा हात लागून किती वरसं झाली, हाय का ठावं तुला?"

आपण डॉक्टरांनी वर्षानुवर्षं या माणसांचे रक्तदाब मोजले, साखर मोजली, ती मोजमापं यंत्रांकडून घरबसल्या मिळू लागली तेव्हा बरं झालं म्हणालो, आणि यांना मुळात काय हवं होतं ते कधी विचारलंच नाही, हे तिला त्या कोपऱ्यात उभ्या उभ्या कळलं. जी युक्ती त्यांना लसीपर्यंत घेऊन आली, तीच आता लस अर्ध्यावर सोडायला लावत होती. हात जाणार नाही असं खोटं सांगावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. ते सांगायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी पळसगावच्या सरपंचबाईंचा फोन आला.

पळसगाव डोंगराच्या पलीकडे. अप्पा दर मंगळवारी तिथे जात. सरपंचबाई आधी नीट बोलल्या आणि मग त्यांचा आवाज फुटला. काल सकाळी खालच्या आळीतली चार माणसं उठली नव्हती. गावात पहिली मात्राही कुणी घेतलेली नाही. शेटे डॉक्टरांचा हात पाठवा, त्याच्याशिवाय कुणी बाही वर करायचं नाही म्हणतं. ऋतुजा म्हणाली, आजच पाठवते.

दुपारी तिने हात पेटीत ठेवला आणि आरोग्य खात्याच्या गाडीत चढवला. गाडी बिनचालकाची होती. समोर माणूस दिसलं की ती जागची हलत नसे आणि तिला शिव्या घालूनही उपयोग नसे. हे हिंगणशेताला चांगलं माहीत होतं. बापू आधी बसले, मग त्यांच्या शेजारच्या हौसाक्का, मग एकेक करून सगळेच. रस्त्यावर, भर उन्हात, काठ्या बाजूला ठेवून साऱ्या गावाने गाडीपुढे बैठक मारली. गाडी दिवा लुकलुकवत उभी राहिली. ऋतुजाने हात जोडले, समजावलं, शेवटी ओरडली. पलीकडे माणसं मरतायत, तीही तुमच्यासारखीच म्हातारी आहेत, तुमच्या लेकी-सुना तिथल्या आहेत. तुमची दुसरी मात्रा मी देते, आत्ता देते. यावर सगळे खाली मातीकडे बघू लागले. तिच्या हाताबद्दल तोंडावर वाईट बोलण्याइतकी ती माणसं उर्मट नव्हती.

ती तिथेच गाडीच्या चाकाला टेकून बसली. आपण हरलो, हे तिला इतकं साफ कधी दिसलं नव्हतं.

महानंदाबाई दवाखान्यातून बाहेर आल्या त्या हातात लसीचा डबा घेऊन. पायरीवर बसल्या, पदर सावरला आणि दंड उघडा केला.

"ऋतू, सुई घे."

ऋतुजा उठून जवळ गेली. लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आई, नको. तुझं हृदय पाव हिश्श्यानं चाललंय. हात येऊ दे परत, मग घे."

"म्हणून तर इतके दिवस तुला दंड दिला नाही," महानंदाबाईही तितक्याच हळू बोलल्या. "मी काय, कधीही जाईन. तुझी सुई घेतली आणि उद्या गेले, तर या गावानं तुला दारात उभं केलं नसतं. गावाचं सोड. तूच परत सुई धरली नसतीस."

इतके महिने ज्या उत्तराला ऋतुजा भ्याली, ते हे नव्हतंच. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच रडावं असं तिला वाटलं, पण सगळं गाव बघत होतं.

"आणि आज?" तिने विचारलं.

"आज पलीकडं माणसं मरतायत. टोच."

तिने दंड पुसला, सुई आत घातली, बाहेर काढली. अप्पांसारखी टकटक तिने केली नाही. महानंदाबाईंनी बाही खाली केली आणि बापूंकडे वळून गाडीला वाट द्यायला सांगितलं.

बापू गुडघ्यावर हात टेकून उठले. "देतो, काकू. पर आमी तीन दिस बघनार. डॉक्टरांना बी तीन दिसच झालतं. तीन दिस तुमी धडधाकट ऱ्हायला, तर समदं गाव पोरीच्या हातनं घेतंय. माजी जबान."

ताप तीन दिवस थांबत नसतो, असं ऋतुजा सांगत राहिली. ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं. काठ्या गोळा करून सगळे बाजूला झाले आणि गाडी पळसगावच्या रस्त्याला लागली.

त्या तीन दिवसांत महानंदाबाईंनी एकच काम केलं. दिसत राहायचं. सकाळी ओट्यावर बसून शेंगा फोडल्या, दुपारी देवळापर्यंत जाऊन आल्या, येताना दोनदा भिंतीला धरून थांबल्या. कुणी बघतंय असं दिसलं की लगेच चालू लागत. ऋतुजाला ते बघवत नव्हतं. निजून राहा म्हटलं तर म्हणत, निजले की लोकांना वाटेल संपली. हात चालवायला इरफान पुण्याहून थेट पळसगावला पोचला होता. तिथे रांग लागली आहे, असा त्याचा निरोप आला. इकडे दुसऱ्या दिवशी हौसाक्कांना कणकण सुरू झाली. ऋतुजा लस घेऊन त्यांच्या दारात गेली. ताप चढल्यावर लसीचा किती उपयोग होईल हे तिला माहीत नव्हतं, पण निदान घरातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याला तरी वाचवता आलं असतं. दार उघडलं नाही. आतून, परवा या, असा आवाज आला.

संध्याकाळी तिने आईला विचारलं, अप्पांच्या हातासाठी तूही दुसरी मात्रा लांबवत होतीस ना?

महानंदाबाई जराशा लाजल्या. "दहा गावच्या नाड्या बघितल्या त्यांनी. माझी कधी बघितली होती? घरचं माणूस कुठं जातंय, म्हणायचे. यंत्रानं रोज बघितली." मग म्हणाल्या, "मला काही झालं तर अहवाल फळ्यावर लावू नकोस. वाचून काही होत नाही."

चौथ्या दिवशी सकाळी ऋतुजाला जाग आली ती अंगणातल्या कुजबुजीने. खिडकीतून पाहिलं तर अंगण भरलं होतं. बापू पुढे, धुतलेला सदरा घालून. मागे सगळं गाव. काहींनी बाही आधीच वर केली होती. हौसाक्कांचा नवरा एकटाच आला होता आणि भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, यावरून काय ते तिला कळलं. बापू शब्दाला जागले होते. आता एका म्हातारीने उठून ओट्यावर यायचं बाकी होतं. मग फ्रीजमधला एकूण एक डबा संध्याकाळपर्यंत रिकामा झाला असता.

आई एरवी तिच्या आधी उठे. आज स्वयंपाकघरात आवाज नव्हता. ऋतुजा आईच्या खोलीच्या दारात गेली. महानंदाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, पांघरूण खांद्यापर्यंत ओढलेलं. तीन दिवस उन्हात चालून दमलेली म्हातारी जशी झोपेल तशाच. पांघरूण वरखाली होतंय का, हे त्या अंधुक उजेडात नीट दिसत नव्हतं. होतंय असं वाटलं, आणि मग आपल्याच डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना.

ती डॉक्टर होती. थकलेलं हृदय कधीही थांबतं, झोपताप लसीचं बळ चढायच्या आत गाठू शकतो, आणि माणूस नुसतं उशिरापर्यंत झोपतंही, हे सगळं तिला माहीत होतं. अंगणातल्या लोकांना मात्र या तिन्हींतला फरक कधी पटणार नव्हता. काकू उठल्या की नाही, एवढंच ते बघणार होते. पलीकडच्या गावात अप्पांचा हात माणसं वाचवत होता. इथे या खोलीत तिच्याजवळ तिचा स्वतःचा हात तेवढा होता. तो तिने पुढे केला. आईच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि काही केल्या खाली जाईना.

बाहेर कुजबुज बंद पडली. बापूंची काठी ओट्यापर्यंत आली, थांबली.

"पोरी," बापूंनी विचारलं, "काकू उठल्या का?"